साठ-सत्तर पासवर्ड सांभाळायचे कसे? ते वहीत लिहून ठेवणे खरोखरच चुकीचे आहे का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे: तुमची साठ-सत्तर ठिकाणी खाती आहेत; एक ठरलेला शब्द घेऊन त्याच्या शेवटचे अंक किंवा चिन्ह बदलत तुम्ही तो सगळीकडे वापरता; कार्यालयात दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती आहे; आणि हे सगळे तुम्ही एका वहीत लिहून ठेवता, ज्यावरून सहकारी तुमची चेष्टा करतात. पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कूटबद्ध करून एका जागी साठवणारा आणि लागेल तिथे भरून देणारा प्रोग्राम) वापरावा का, हे तुम्हाला ठरवायचे आहे. मी काही वर्षे एका मोठ्या संस्थेच्या संगणक विभागात पासवर्ड विसरलेल्यांना तो रीसेट करून देण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून सांगतो. ज्या सवयीला तुमचे सहकारी हसतात ती तुमच्या सवयींपैकी सर्वांत कमी घातक आहे. जिच्याबद्दल कोणीच काही बोलत नाही, म्हणजे एकच शब्द थोडाफार बदलून सगळीकडे वापरणे, ती मात्र आजच सोडावी अशी आहे.

आपल्या मनात चोराचे चित्र असे असते की तो संगणकासमोर बसून आपल्या मुलांची नावे आणि जन्मतारखा टाकून पाहतो आहे. ओळखीचा माणूस असेल तर तसे घडतेही. पण बहुतेक खाती ज्या पद्धतीने हातची जातात तिच्यात तुमच्याबद्दल कोणाला काही ठाऊक असण्याची गरजच नसते. कुठल्या तरी संकेतस्थळावरून ईमेल आणि पासवर्ड यांची यादी चोरीला जाते आणि मग एखादा प्रोग्राम त्याच जोड्या इतर शेकडो ठिकाणी लावून पाहतो. २००९च्या डिसेंबरात रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, आणि तेही जसेच्या तसे वाचता येतील अशा रूपात साठवलेले होते. लिंक्डइनचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. २०१२ साली तेथील सुमारे ६५ लाख पासवर्ड फुटल्याची बातमी आली, लोकांनी ते बदलले आणि विषय संपला असे वाटले; प्रत्यक्षात ११ कोटी ७० लाख खात्यांचा ऐवज बाहेर गेलेला होता, हे २०१६ साली तो विक्रीला आल्यावर कळले. म्हणजे मधली चार वर्षे तोच पासवर्ड दुसरीकडे वापरणाऱ्या माणसाला आपले कुलूप उघडे आहे याचा पत्ताही नव्हता.

शेवटचा अंक बदलल्याने यात फारसा फरक पडत नाही, कारण पुढे १ जोडणे, पहिले अक्षर मोठे करणे, ‘ए’च्या जागी ‘ॲट’चे चिन्ह घालणे हे सगळे प्रकार असे प्रोग्राम ओळीने करून पाहतात. तुमच्या मूळ शब्दाला संकेतस्थळाच्या नावाची दोन अक्षरे जोडलेली असतील, तर एक नमुना पाहिलेल्या कोणालाही बाकीचे सगळे तोंडी सांगता येतील. आपल्या भाषेतला शब्द रोमन लिपीत लिहिला की तो कोणाला सुचणार नाही, हाही गोड गैरसमज आहे. फुटलेल्या याद्या जगभरच्या खऱ्या माणसांच्या पासवर्डच्या असतात आणि त्यांत आपलीही माणसे आहेत.

येथे एक तांत्रिक बाब थोडी सविस्तर सांगतो, कारण पासवर्ड ‘मजबूत’ असण्याचा अर्थ तिच्यावरच ठरतो. नीट बांधलेले संकेतस्थळ तुमचा पासवर्ड साठवतच नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळालेला हॅश साठवते, ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. हॅशपूर्वी प्रत्येक पासवर्डात वेगळी यादृच्छिक भर घालावी, म्हणजे दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसतील, हे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी १९७९ सालीच लिहून ठेवले होते. या भरीला सॉल्ट म्हणतात. लिंक्डइनच्या त्या हॅशमध्ये ती नव्हती. असे हॅश चोराच्या हाती लागले की ‘पाच वेळा चुकलात, खाते बंद’ हा पहारा उरत नाही. तो स्वतःच्या यंत्रावर निवांत अंदाज करत बसतो. रोमन लहान लिपीतील आठ अक्षरांचे एकूण पर्याय सुमारे २०,८८२ कोटी होतात. हा आकडा आपल्याला प्रचंड वाटतो, पण झटपट काढता येणारा हॅश असेल तर आजच्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही सेकंदांचे काम आहे.

म्हणूनच ‘पासवर्ड विसरलात?’ यावर टिचकी मारल्यावर तुमचा जुना पासवर्डच ईमेलने पाठवून देणारे संकेतस्थळ दिसले, तर तेथे महत्त्वाचे काही ठेवू नका. तो परत पाठवता येतो याचा अर्थच तो हॅश न करता ठेवलेला आहे. कमाल बारा अक्षरांची मर्यादा पाहिली की मला अशीच शंका येते, कारण हॅशची लांबी पासवर्डच्या लांबीवर अवलंबून नसते. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट करण्याला बंदी घालणाऱ्यांबद्दल तर न बोललेले बरे.

आता ९० दिवसांचा नियम. आमच्या विभागात मुदत संपल्यानंतरच्या सोमवारी सकाळी रांग लागत असे. येणारा माणूस ओशाळलेला असे. पासवर्ड काय होता असे आम्ही कधीच विचारत नसू, तरी तो स्वतःहून सांगू पाही आणि तोंडाने सांगता येत नाही म्हणून टेबलावरच बोटे फिरवून दाखवी. पासवर्ड त्याच्या बोटांत होता आणि नव्या पासवर्डने तोही पुसला गेला होता. एकदा एका कर्मचाऱ्याचा कीबोर्ड बदलायला गेलो, तेव्हा त्याखाली एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर एकाखाली एक चौदा पासवर्ड होते, तेरा खोडलेले आणि शेवटचा शाबूत. चौदाही ओळींत शब्द एकच होता आणि पुढचा अंक एक-एकने वाढत गेला होता. साडेतीन वर्षे नियम तंतोतंत पाळला गेला होता आणि त्यातून सुरक्षितता कणभरही वाढली नव्हती.

या प्रथेला बळ देणारा एक दस्तऐवज अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००३-०४च्या सुमारास काढला होता. मोठे अक्षर, अंक, चिन्ह यांची सक्ती आणि ठरावीक काळाने बदल, ही शिकवण तिथून जगभर पसरली. त्यातील बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो असे तो लिहिणारे बिल बर यांनी निवृत्तीनंतर, २०१७ साली, जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी निस्टने आपली भूमिका बदलली: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच तो बदलायला लावावा, चिन्हांची सक्ती करू नये, लांब पासवर्ड चालू द्यावेत, पेस्ट करू द्यावे, आणि नवा पासवर्ड फुटलेल्यांच्या यादीशी ताडून पाहावा. तुमच्या कार्यालयातील संगणक विभागाला हा बदल दाखवून पाहा. मी आमच्याकडे दाखवला होता आणि नियम बदलायला दोन वर्षे लागली.

वहीबद्दल मात्र तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका. संगणकावर पासवर्ड आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाचे फर्नांडो कॉर्बाटो यांनीच २०१४ साली एका मुलाखतीत ही व्यवस्था दुःस्वप्नासारखी झाल्याचे म्हटले होते, आणि त्यांचे स्वतःचे सुमारे १५० पासवर्ड टंकलेल्या पानांवर होते. (त्यांच्या यंत्रणेत पासवर्ड १९६१च्या सुमारास आले आणि १९६२ सालीच ॲलन शेर या विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली, कारण वाट्याला आलेला संगणकाचा वेळ त्याला पुरत नव्हता.) दूर देशी बसलेल्या चोराला तुमची वही दिसत नाही. ती कार्यालयाच्या खणात ठेवू नका, तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, एवढे पथ्य पाळले तर ती डोक्यातल्या एकाच शब्दापेक्षा केव्हाही चांगली.

तरीही मी स्वतः मॅनेजर वापरतो, आणि त्याचे कारण आठवण नव्हे. बँकेच्या पत्त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले बनावट संकेतस्थळ माझ्या डोळ्यांना फसवू शकते. मॅनेजर पत्ता अक्षरशः जुळवतो आणि जुळला नाही तर पासवर्ड भरतच नाही. मी एकदा घाईत असाच एका दुव्यावरून गेलो होतो. रकाना रिकामाच राहिला, मी चिडून पासवर्ड हाताने टाकणार होतो आणि मग पत्ता नीट वाचला. वही मला थांबवू शकली नसती.

मॅनेजरमधला ऐवज चोरीला जाऊ शकत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. २०२२ साली लास्टपास या मॅनेजर पुरवणाऱ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतील पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडेच होते, आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा त्यांची तिजोरी फोडणे सोपे. तेव्हा सगळी ताकद त्या एका पासवर्डवर लावा. त्यासाठी अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली मांडलेली फाशांची पद्धत मला आजही सर्वांत सरळ वाटते: फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांसमोरचा शब्द ७,७७६ शब्दांच्या यादीतून घ्यायचा, आणि असे पाच-सहा शब्द जोडायचे. पाच शब्दांचे पर्याय सर्व चिन्हांनिशी केलेल्या आठ अक्षरी पासवर्डपेक्षा चार हजार पटींहून अधिक भरतात, आणि चार-पाच दिवसांत ते पाठ होतात. शब्द फाशांनीच निवडायचे. आवडत्या गाण्याची ओळ घेतली तर ती इतरांनाही आवडत असते.

सगळी सत्तर खाती एका बैठकीत बदलायला घेऊ नका, तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल. पहिले ईमेल, कारण बाकी सगळ्यांचा पासवर्ड रीसेट करण्याचा दुवा तिथेच येतो. मग पैशाची खाती. बाकीची जेव्हा उघडाल तेव्हा. सुरक्षा-प्रश्नांची उत्तरे खरी देऊ नका. २००८ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते अशाच प्रश्नांची सार्वजनिक माहितीवरून उत्तरे देऊन उघडले गेले. पहिली शाळा कोणती या प्रश्नाला निरर्थक अक्षरे द्या आणि तीही मॅनेजरमध्ये नोंदवा.

ईमेलला दुसरी पायरीही लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागितला जाईल. एसएमएसवर येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तुमच्या नंबरचे सिमकार्ड दुसऱ्या कोणाला फसवून काढून घेता येते, म्हणून दर ३० सेकंदांनी आकडा बदलणारे ॲप अधिक भरवशाचे. जिथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या फोनमधल्या किंवा संगणकातल्या गुप्त किल्लीने प्रवेश देण्याची, सोय दिसेल तिथे ती घ्या. तिच्यातली खाजगी किल्ली संकेतस्थळाकडे जातच नाही, त्यामुळे तिथून चोरण्यासारखे काही उरत नाही. हे सगळे करताना आपत्कालीन कोड (फोन हाती नसताना खाते उघडण्यासाठी संकेतस्थळ देते ते) मात्र कागदावर उतरवून घ्या. मी उतरवले नव्हते. फोन बंद पडला, ॲप त्याच्याबरोबर गेले आणि माझेच खाते मला अकरा दिवसांनी परत मिळाले, तेही लोकांना असेच खाते परत मिळवून देण्याचे काम करत असताना.

तुमच्या वहीला मी हेच काम देईन: मॅनेजरचा मुख्य पासवर्ड आणि हे कोड, एवढेच तिच्यात ठेवा आणि तिची जागा घरातील एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवा. मी वहीऐवजी बंद पाकीट वापरतो आणि त्यावर तारीख घालतो, कारण एकदा मुख्य पासवर्ड बदलल्यावर पाकिटातला कागद बदलायचे माझ्याकडून वर्षभर राहून गेले होते.