घरी आल्या आल्या मशीन काढून ठेवते

"मॅडम, एवढं ऑपरेशन केलं, एवढा खर्च झाला, आणि घरी आल्या आल्या ही कानाची मशीन काढून ठेवते. मग उपयोग काय?" ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, कधी नवरा म्हणतो, कधी आई, कधी मुलगा, म्हणून आज एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती चाळिशीतली. उजव्या बाजूला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, ज्याचा बाहेरचा भाग काढता येतो; डाव्या कानाला हिअरिंग एड. रोज ठाणे-वाशी लोकल, ऑफिस, परत लोकल. आठला घरी की दोन्ही मशीन डबीत.

सुरुवातीला नवराच बोलायचा. मी तिला विचारलं, तुला ऐकू येतं म्हणजे नेमकं काय होतं गं? "उजवीकडून जरा पत्र्यासारखा आवाज येतो, डावीकडून जाडसर. दोन्ही मिळून माणूस बोलतोय असं वाटतं, पण गोंगाटात ते मलाच जुळवावं लागतं. संध्याकाळी डोकं नको म्हणतं."

नवरा गप्प झाला. त्याला वाटायचं मशीन म्हणजे चष्मा, लावला की दिसलं. तसं नाहीये ते. हिअरिंग एड आवाज मोठा करतं, इम्प्लांट आवाजाचे विजेचे संकेत करून थेट कानाच्या नसेला देतं, आणि दोन्हीचा मेळ मेंदू घालतो. ओठ बघायचे, निसटलेला शब्द अंदाजाने भरायचा, दिवसभर हेच. दमायला होणारच.

पण गाठ सुटली ती पाचव्या भेटीत. तो एकदम म्हणाला, "ती डबीचं झाकण लावते ना, टक् असा आवाज होतो. तो फक्त मलाच ऐकू येतो. तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं." ती त्याच्याकडे बघतच राहिली. झाकणाचा आवाज होतो हेच तिला माहीत नव्हतं! मग म्हणाली, "आणि मी परत विचारलं की तू 'काही नाही, जाऊ दे' म्हणतोस. मला वाटतं, मला सांगायचंच नाहीये तुला."

मी कायम सांगत आलेय, घटनेपेक्षा आपण तिला लावलेला अर्थ जास्त छळतो. दोघांनी एकेक अर्थ लावून ठेवला होता आणि वर्षभर त्यावर भांडत होते. तो क्षण मला माझ्या कामातला फार मोलाचा वाटतो.

तर घरच्यांनो, आल्या आल्या अर्धा तास शांतता द्या, पण वेळ दोघांनी ठरवून. "जाऊ दे" हा शब्द घरातून काढा, तेच वाक्य वेगळ्या शब्दांत परत सांगा. बोलताना समोर या, टीव्ही आणि किचनचा पंखा बंद करा, ओरडू नका, ओरडलं की शब्द उलट बिघडतात. आणि हो, पूर्वी मशीन आवडीने लावणारं माणूस अचानक टाळायला लागलं किंवा आवाज बदलला म्हणालं तर माझ्याकडे नंतर या, आधी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, जाऊन मॅपिंग (इम्प्लांटचं सेटिंग) तपासून घ्या, हिअरिंग एडही दाखवा.

शेवटच्या भेटीत त्याने सांगितलं, आता झाकण लावण्याआधी ती बोटाने घड्याळ दाखवते, साडेआठ. तोवर तो भाजी निवडून ठेवतो, दिवसभराचं सांगायचं मात्र तिने मशीन लावल्यावर.