बीएस्सी-एमएस्सीनंतर अमेरिकेत नर्सिंग: १५ महिन्यांचं बीएसएन घ्यावं की थेट एमएसएन?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झाली, वय ३२, न्यू जर्सीत एच-४ वर (एच-१बी नोकरीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहात आणि मुलगा चार वर्षांचा आहे. दोन कॉलेजांत प्रवेश मिळालाय: एक १५ महिन्यांचं ॲक्सिलरेटेड बीएसएन (दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी नर्सिंगची जलद बॅचलर पदवी), दुसरं दोन वर्षांचं डायरेक्ट एंट्री एमएसएन (त्यांच्यासाठीच नर्सिंगची थेट मास्टर्स पदवी), आणि दुसऱ्याची फी पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. घरचे म्हणतात, एमएस्सी झाल्यावर पुन्हा बॅचलर कशाला?

मी मूळची सांगलीची, मायक्रोबायोलॉजीची. ३४ व्या वर्षी याच वाटेने गेले आणि आता टेलिमेट्री वॉर्डात (जिथे रुग्णांच्या हृदयावर सतत मॉनिटर असतो) रात्रपाळी करते. माझं मत आधीच सांगते: तुमच्या जागी मी १५ महिन्यांचं घेईन. पण ते कॉलेज क्लिनिकलसाठी, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी, तुम्हाला कुठे पाठवणार, हे ईमेलमध्ये लिहून मिळाल्यावरच.

दोन्हीकडून बाहेर पडल्यावर लायसन्सची परीक्षा एकच, एनक्लेक्स-आरएन. लायसन्सही एकच, आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. डायरेक्ट एंट्री एमएसएनच्या नावात मास्टर्स आहे म्हणून पुष्कळ जणी समजतात की आपण नर्स प्रॅक्टिशनर (निदान करून औषधं लिहून देणारी नर्स) होऊन निघू. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. तो अभ्यासक्रम जनरलिस्ट नर्स किंवा क्लिनिकल नर्स लीडर (वॉर्डातल्या रुग्णसेवेचा समन्वय बघणारी नर्स) तयार करतो, आणि प्रॅक्टिशनर व्हायचं तर पुढे पुन्हा शिकावं लागतं. येल विद्यापीठाचा तीन वर्षांचा कार्यक्रम वेगळा आहे. तिथे पहिल्या वर्षात आरएनचं शिक्षण उरकून पुढची दोन वर्षं एका स्पेशालिटीत जातात. तुमचं दुसरं कॉलेज दोन वर्षांचं आहे, म्हणजे ते येलसारखं नसणार. तरी डिग्रीच्या कागदावर नेमकं काय लिहून मिळणार, हे त्यांना विचाराच.

माझ्याबरोबर त्याच आठवड्यात वॉर्डात एक मुलगी लागली, ती एमएसएनवाली. आमचं ओरिएंटेशन एकत्र झालं, पगारही सारखाच होता. तिच्या डोक्यावर कर्ज मात्र माझ्या दुपटीहून जास्त. ती उत्तम नर्स आहे, पण त्या जादा शिक्षणाने तिला वॉर्डात वेगळं काही मिळालं नाही. पुढे नर्सिंग कॉलेजात शिकवायचं नक्की असेल तर एमएसएनचा उपयोग आहे. मात्र ते नोकरी करता करता, अनेकदा हॉस्पिटलच्या मदतीने, नंतरही करता येतं.

आता क्लिनिकल. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या कॉलेजच्या माहितीपत्रकात मोठमोठ्या हॉस्पिटलांची नावं होती. दुसऱ्या सेमिस्टरला आमची लहान मुलांच्या वॉर्डाची जागा आयत्या वेळी रद्द झाली आणि आम्हाला ७० मैलांवर पाठवलं. पावणेसातला हजर व्हायचं म्हणून पहाटे सव्वाचारला घर सोडायचं, तेही जानेवारीत. तुमचा मुलगा चारचा आहे, त्याला त्या वेळी कोण बघणार हा प्रश्न ट्यूशन फीइतकाच मोठा आहे. म्हणून विचारा: गेल्या तुकडीला प्रत्यक्ष कुठे पाठवलं? एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती? बाळंतपण, मुलं आणि मानसोपचार यांचं क्लिनिकल खऱ्या वॉर्डात होतं की बरंचसं सिम्युलेशन लॅबमध्ये, पुतळ्यांवर? जिथे गोलगोल उत्तर येईल तिथे सावध व्हा.

एनक्लेक्सच्या निकालाचं तसंच. कॉलेजनिहाय पास होण्याचं प्रमाण राज्यांची नर्सिंग बोर्डं प्रसिद्ध करतात, ते जरूर बघा. पण बरोबरीने विचारा की सुरुवात केलेल्यांपैकी वेळेत किती जणी संपवतात. आमच्या तुकडीत ४८ जणी होत्या, एकत्र पदवी घेतली ३७ जणींनी. जी कॉलेजच्याच शेवटच्या एक्झिट परीक्षेत अडकते ती एनक्लेक्सला बसतच नाही, आणि कॉलेजचा टक्का उंच राहतो. कॉलेजला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे ना, हेही बघा. ती नसेल तर फी कितीही कमी असो, नको.

पैशांचं आणि व्हिसाचं एकत्रच बोलावं लागेल. एच-४ वर शिकता येतं, पण सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही. ते ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. त्यांच्यासाठीसुद्धा पदव्युत्तर शिक्षणाचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. म्हणजे महागड्या एमएसएनचा मोठा भाग खासगी कर्जातून किंवा घरच्या बचतीतून. शिवाय शिकून झाल्यावर काम करायला परवाना हवा. यजमानांचा आय-१४० (कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असेल तर एच-४ ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, मिळू शकतं. वॉर्डातल्या साध्या आरएन पदासाठी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळणं अवघड जातं, कारण त्या पदाला बॅचलर डिग्री लागतेच असं सरकार मानत नाही. नर्सिंग शेड्यूल ए मध्ये, म्हणजे माणसं कमी पडतात असं सरकारने मानलेल्या कामांच्या यादीत आहे, त्यामुळे ग्रीन कार्डासाठी लेबर सर्टिफिकेशनची (त्या जागेसाठी अमेरिकन कामगार मिळत नाही हे दाखवण्याची) पायरी टळते, पण भारतात जन्मलेल्यांची ईबी-३ या ग्रीन कार्ड वर्गाची लांब रांग टळत नाही. प्रवेशाचं डिपॉझिट भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक तास द्या, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

अजून अर्जाच्याच टप्प्यावर असलेल्या कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन्ही भाग, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, ह्यूमन डेव्हलपमेंट, न्यूट्रिशन हे विषय बहुतेक ठिकाणी आधी झालेले लागतात, आणि बऱ्याच कॉलेजांना ते गेल्या पाच-सात वर्षांतलेच चालतात. माझी अख्खी डिग्री मायक्रोबायोलॉजीची, तरी दहा वर्षं जुनी म्हणून कम्युनिटी कॉलेजात तो विषय पुन्हा केला. तेव्हा रडू आलं होतं. पण तिथल्याच प्राध्यापकांनी मला शिफारसपत्र दिलं. भारतातल्या ट्रान्सक्रिप्टचं (गुणपत्रकांचं) डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन सहसा लागतं. विद्यापीठातून कागदपत्रं निघायलाच कधी कधी महिने जातात, तेव्हा भावाला-बहिणीला आत्ताच कामाला लावा. फक्त तीन वर्षांची बीएस्सी काही ठिकाणी पूर्ण बॅचलर धरत नाहीत. तुमच्यासारखी एमएस्सी असेल तर ती अडचण सहसा येत नाही.

आणि प्रवेशानंतरच्या तपासणीत टीबीची चाचणी येईल. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची क्वांटिफेरॉन मागून घ्या.

राहिला घरच्यांचा प्रश्न. माझ्याही आत्या म्हणाल्या होत्या, ‘शिकून-सवरून सिस्टर होणार?’ मिरजेत माझ्या बाबांची बायपास झाली तेव्हा रात्री तीनला त्यांचं लघवीचं प्रमाण घटलंय हे आधी सिस्टरांनी ओळखलं आणि डॉक्टरांना उठवून आणलं. मी तेव्हा बाहेर बाकावर बसले होते. अर्जाच्या निबंधात पहिल्या खेपेला मी ‘सेवेची ओढ’ वगैरे लिहिलं आणि दोन्हीकडून नकार आले. पुढच्या वर्षी त्या एका रात्रीचं लिहिलं. आत्यांनाही तेच सांगितलं.

तुमची डिपॉझिटची तारीख जवळ आली असेल तर दोन्ही कॉलेजांना उद्याच ईमेल करून क्लिनिकलच्या जागा विचारा आणि मुदतीत आठवडाभराची वाढ मागा. मी मागितली होती, आणि मिळाली होती.