सीनिअर एक्झिक्युटिव्ह, प्रोजेक्ट मॅनेजमेंट: कोल्हापूरच्या फाउंड्रीत ही नोकरी नेमकी काय असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली, आता कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीनं (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यानं) 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह – प्रोजेक्ट मॅनेजमेंट' म्हणून बोलावलंय. काम काय असतं, जावं का, आणि आधी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) करून घ्यावं का?

मी हेच काम नऊ वर्षं करतेय. आधी शिरोलीला होते, आता गोकुळ शिरगावला आहे. त्यामुळे जे बघितलंय तेवढंच सांगते.

पहिलं पदाच्या नावाबद्दल. आपल्याकडच्या उतरंडीत हे पद एक्झिक्युटिव्हच्या वर आणि असिस्टंट मॅनेजरच्या खाली येतं. परदेशी कस्टमर मात्र तुमच्या मेलखाली 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह' वाचतो आणि त्याला वाटतं, कंपनीच्या अगदी वरच्या माणसाशी आपण बोलतोय. मग तो किमतीचा, तारखेचा शब्द थेट तुमच्याकडे मागतो. तो अधिकार तुम्हाला नसतो. पहिल्या कॉललाच हे स्वच्छ सांगून टाका, नंतर सांगणं फार जड जातं.

हाताखाली बहुतेक एकही माणूस नसतो. पॅटर्नवाला (साच्यासाठी पार्टचा नमुना बनवणारा) बाहेरचा, मोल्डिंग आणि मेल्टिंग प्रॉडक्शनचं, लॅब क्वालिटीची, फिक्स्चर (मशीनवर पार्ट धरणारं साधन) मशीन शॉपचं, पैसे अकाउंट्सचे. प्रत्येकाचा साहेब वेगळा. तारीख मात्र तुमची. नवीन पार्टचं ड्रॉइंग आलं की मेथडिंग (धातू साच्यात कसा ओतायचा ते ठरवणं), पॅटर्न, कोअर बॉक्स, सॅम्पल कास्टिंग, ते कापून आत ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) आहेत का बघणं, मशीनिंग, सीएमएम या मोजमापाच्या यंत्रावर माप, मग पीपॅप (पार्टच्या मंजुरीसाठी कस्टमरला द्यायचा पुराव्यांचा संच) आणि शेवटी नियमित उत्पादन. ही सगळी साखळी कुणीतरी एका डोक्यात धरून ठेवावी लागते. ते डोकं तुमचं, आणि ही नोकरी त्याचीच आहे.

माझ्या एका चुकीची गोष्ट सांगते, कारण या कामाचं मर्म मला तिथंच कळलं. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाउसिंगचं काम होतं. पॅटर्न उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे दिला होता. मी रोज फोन करायचे, "पॅटर्न झाला का?" रोज उत्तर यायचं, "झालाय की मॅडम, नुसतं फिनिशिंग राहिलंय." मी रिपोर्टमध्ये 90 टक्के लिहायचे. एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली आणि तिथं गेले. पॅटर्नचे दोन्ही भाग टेबलावर मांडलेले. मिस्त्रींनी बोट फिरवून ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून दिलेला उतार) दाखवला, कोपरे हातानं पॉलिश केलेले. खरोखर देखणं काम. मी विचारलं, कोअर बॉक्स कुठाय? त्यांनी कोपऱ्याकडे मान वळवली. तिथं ॲल्युमिनिअमचा ब्लॉक पडला होता, अजून चारही बाजूंनी चौकोनी, आणि वर खडूनं आमच्या पार्टचा नंबर लिहिलेला.

तुम्ही फाउंड्रीतले आहात, तुम्हाला समजलं असेल. इतरांसाठी सांगते: कास्टिंगच्या आतली पोकळी वाळूच्या कोअरनं येते आणि तो कोअर या बॉक्समध्ये घडतो. कोअर नसेल तर हाउसिंग कसलं, भरीव लोखंडाचा गोळाच हातात येईल.

मिस्त्री खोटं बोलले नव्हते. मी पॅटर्नचं विचारत होते, ते पॅटर्नचं सांगत होते. मग ब्लॉक तसाच का पडलाय? "दुसरा हप्ता आला न्हाई अजून. आला की चढवतोय मशीनवर." ऑफिसला येऊन बघितलं तर त्या हप्त्याचं बिल आमच्याच अकाउंट्समध्ये अकरा दिवस पडून होतं, कारण पीओचा (खरेदी ऑर्डरचा) रिव्हिजन नंबर जुळत नव्हता. उशीर वेंडरचा नव्हताच, आमचा होता.

इथपर्यंत चूक साधी होती. खरी चूक पुढं झाली. सोमवारच्या रिव्ह्यूला मी तो टास्क हिरवाच, म्हणजे वेळेवर, दाखवला. वाटलं, पैसे सोडवून घेऊ, मिस्त्रींना दोन पाळ्या लावायला सांगू, भरून काढू. ते भरून निघालं नाही. कस्टमरनं असेम्ब्लीची ट्रायल ठेवली होती, त्यांची माणसं पार्टची वाट बघत थांबली आणि आमच्या प्लँट हेडना ही बातमी कस्टमरच्या फोनवरून कळली. साहेब ओरडले नाहीत. "सोमवारी सांगितलं असतंस तर मी आपल्या टूलरूमच्या व्हीएमसी मशीनवर ब्लॉक चढवला असता," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे उपाय होता. तो वापरायची वेळ मी खाऊन टाकली होती.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवलीय, आणि तिच्यासाठीच हे उत्तर लिहायला बसले. जुलै लागला की आपण सगळे सकाळी उठून पहिल्यांदा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पाणी 39 कडे सरकलं की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतली माणसं जनावरं हलवायच्या तयारीला लागतात. त्या वेळी कुणी हा आकडा बरोबर की चूक यावर वाद घालत बसत नाही, कारण तो पाणी खाली असतानाच ठरलेला असतो. प्रोजेक्टला असे दोन आकडे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. माझ्याकडे असं आहे: मुख्य साखळीतलं कोणतंही काम 3 दिवस मागं पडलं तर त्याच दिवशी प्लँट हेडना सांगायचं, 7 दिवस मागं पडलं तर त्याच दिवशी कस्टमरला मेल जाणार. बैठकीच्या मिनिट्समध्ये हे लिहून सगळ्या विभागप्रमुखांच्या सह्या घेते. मग वाईट बातमी सांगताना मी कुणाची तक्रार करतेय असं होत नाही. पातळी आली, म्हणून सांगितलं. माझ्यासारख्या, हाताखाली कुणी नसलेल्या माणसाला याचा फार आधार वाटतो.

मुख्य साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. ज्या कामातला एक दिवस गेला की शेवटची तारीखही एक दिवस पुढं जाते, ती कामं. गेज (माप तपासायची साधनं) दहा दिवस उशिरा आले तरी एखादवेळी चालून जातं, कोअर बॉक्स एक दिवसही चालत नाही. सगळ्यांच्या मागं सारखंच लागलात तर लोक तुम्हाला टाळायला लागतील. आठवड्याला दोन-तीन कामांच्याच मागं लागा, पण ती योग्य निवडा.

दिवस विचारायचीही एक रीत आहे. "किती दिवस लागतील?" म्हटलं की समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटेल असा आकडा सांगतो. मी तीन प्रश्न विचारते: सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमी किती लागतात, आणि सगळंच बिघडलं तर किती? मिस्त्री म्हणाले, 18, 25, 44. मधल्याला चारनं गुणायचं, तिन्हींची बेरीज करून सहानं भागायचं: 27 येतात. अमेरिकन नौदलानं 1958 मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी काढलेली ही पर्ट पद्धत आहे, उद्यमनगरात तितकीच चालते. पण मला त्या 27 पेक्षा 44 चं कारण ऐकण्यात जास्त रस असतो. "गावची म्हाई (जत्रा) आली की चार पोरं येत न्हाईत," हे मला तिसऱ्या प्रश्नामुळं कळलं. तसंच छठ आणि होळीला मोल्डिंगची परप्रांतीय मंडळी गावी जातात, ते प्लॅनमध्ये आधीच धरा. आणि पावसाळा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्यामुळं बंद पडला होता. त्या दिवसांत सॅम्पल पाठवायची शेवटची तारीख ठेवायची नाही, हा माझा नियम आहे.

'झालं का' हा प्रश्न तर विसराच. "आज मशीनवर काय चढलंय, फोटो टाका" असं म्हणा. जमलं तर स्वतः जा.

तुम्ही प्रॉडक्शनमधून येताय, त्यामुळे एक गोष्ट तुम्हाला सुरुवातीला फार टोचेल. ट्रायलला मोल्डिंग लाईन मिळत नाही. सॅम्पलच्या सहा मोल्ड बॉक्ससाठी चालू पॅटर्न उतरवायचा, आपला चढवायचा, धातूचा ग्रेड वेगळा असेल तर त्या हीटचं (भट्टीच्या एका वितळणीचं) नियोजन बदलायचं. प्रॉडक्शन हेडचा हिशेब महिन्याच्या टनांवर होतो, तो का देईल? परवापर्यंत तुम्ही स्वतः नाही म्हणत असाल, आणि तुमच्या जागी ते बरोबरही होतं. म्हणून ट्रायलची वेळ आयत्या वेळी मागू नका. महिन्याच्या प्रॉडक्शन प्लॅनमध्येच ती घुसवा, पॅटर्न बदलायला लागणारा वेळ लिहून द्या, आणि ट्रायल झाल्यावर लाईन ठरल्या वेळेला परत करा. दोनदा शब्द पाळलात की तिसऱ्यांदा तेच फोन करून वेळ देतात. प्रॉडक्शनची बाजू तुम्हाला आतून माहीत आहे, हे तुमचं मोठं भांडवल आहे.

ड्रॉइंग बदललं की कस्टमर म्हणतो, एक होल तर हललंय. त्या एका होलामागं फिक्स्चर, गेज, कंट्रोल प्लॅन, कधीकधी पॅटर्न आणि कोअर बॉक्ससुद्धा बदलतो. तोंडी हो म्हणू नका. दिवस आणि खर्च लिहून द्या, लेखी होकार आल्यावरच काम धरा.

आता पीएमपी. चार वर्षांची पदवी असेल तर 36 महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, डिप्लोमा असेल तर त्याहून जास्त, शिवाय 35 तासांचं प्रशिक्षण. रोजचं उत्पादन चालवणं त्यात धरत नाहीत. नवी लाईन बसवली असेल, लेआउट बदलला असेल आणि ते काम तुम्ही पुढं राहून केलं असेल तर ते मोजता येतं. माझं मत विचाराल तर आत्ता घाई करू नका. ऑटो पार्टच्या फाउंड्रीत पहिल्या दिवसापासून लागतं ते एपीक्यूपी (नवीन पार्टच्या गुणवत्तेचं नियोजन), एफएमईए (काय बिघडू शकतं ते आधीच शोधणं) आणि पीपॅप. पीपॅपमध्ये 18 गोष्टी असतात, आणि त्या शेवटच्या आठवड्यात जमवायला बसलेली माणसं मी रात्री अकराला ऑफिसात बघितलीत. ते हातात बसू द्या, दोन-तीन वर्षं प्रोजेक्ट चालवा, मग पीएमपी द्या. तेव्हा अभ्यास करताना प्रत्येक पानावर तुम्हाला स्वतःचा एखादा पार्ट आठवेल.

जावं का? प्रॉडक्शनमध्ये शिफ्ट संपली की आज काय केलं ते टनात दिसतं. इथं सहा-आठ महिने काहीच दिसत नाही, आणि पार्ट चालू झाला की तो प्रॉडक्शनचा होतो. ते तुम्हाला चालणार असेल तर जा. रस्त्यानं जाताना एखादा ट्रॅक्टर दिसला की त्यातलं हाउसिंग कोऱ्या कागदापासून आपण आणलंय हे मला अजूनही प्रत्येक वेळी आठवतं, आणि बरं वाटतं.

फक्त होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारा. तुमचा साहेब कोण, प्लँट हेड की मार्केटिंग? प्लँट हेड असेल तर ट्रायल मिळवणं सोपं जातं. आणि साप्ताहिक रिव्ह्यूला विभागप्रमुख स्वतः बसतात की ज्युनिअरला पाठवतात? मग शॉप बघायची विनंती करा. डेव्हलपमेंटचा रॅक कुठं आहे ते विचारून तिथं थोडं थांबा. सॅम्पल कास्टिंगना टॅग बांधलेले असतील. त्यातली सगळ्यात जुनी तारीख वाचा, आणि बरोबरच्या माणसाला विचारा, हा पार्ट कशासाठी थांबलाय.