बाल्डर्स गेट ३ ची गोष्ट आवडते पण लढाई आणि इन्व्हेंटरीने वैताग आलाय, मीच चुकीचं खेळतोय का?

नाही हो, तुमचं काही चुकत नाहीये. 2023 मध्ये आला तेव्हा लोकांनी हा व्हिडिओ गेम डोक्यावर घेतला ते उगाच नाही, पात्रं एक नंबर लिहिलीयत, पण चार जणांची पार्टी सांभाळायची जी सोय दिलीय ती खेळणाऱ्याचा जीव खाते आणि कौतुकाच्या नादात यावर कुणी नीट बोलत नाही.

लढाईचंच घ्या. नियम डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून खेळायचा खेळ) च्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे पाऊल मोजूनमापून टाकायचं, शत्रूला चिकटून उभे असाल आणि तिथून लांब निघालात तर त्याला फुकटात एक वार मिळतो. आता तुमच्या पार्टीतल्या गेल या जादूगाराच्या समोर गॉब्लिन नावाचा शत्रू उभाय, तुम्ही त्याच्यावर कर्सर नेला, तो जागच्या जागी डुलत असतो, नेमका क्लिक पडला मागच्या जमिनीवर. झालं, गेल चालत सुटला, फुकटचा वार खाल्ला, धरून ठेवलेला मंत्र त्या माराने तुटला तर तोही गेला, आणि अनडू नावाची गोष्टच नाही. डावपेच चुकले म्हणून हरलो तर काही वाटत नाही, पण माउस जरासा सरकला म्हणून अख्खी लढाई हातातून जाणं हा सरळ डिझाइनचा दोष आहे. यावर एकच करा, हल्ला निवडला की शत्रूच्या अंगावर क्लिक करूच नका, वर ज्या पट्टीत कुणाची पाळी कधी ते दिसतं तिथल्या त्याच्या चेहऱ्यावर करा. आणि गर्दीत कीबोर्डवरचं O बटण दाबून टॅक्टिकल कॅमेरा लावा, वरून सगळं मोकळं दिसतं.

इन्व्हेंटरी म्हणजे तर चार जणांच्या चार पिशव्या, प्रत्येकाला वजनाची मर्यादा वेगळी, त्यात स्क्रोल (मंत्र लिहिलेले कागद), बाटल्या, बाण सगळं हॉटबारवर, म्हणजे खालच्या बटणांच्या पट्टीवर, येऊन पडतं आणि ऐन लढाईत हवा तो मंत्र सापडत नाही. 2015 च्या पिलर्स ऑफ इटर्निटी या अशाच गेममध्ये पार्टीचा मिळून एकच स्टॅश, म्हणजे सामानाचा साठा, होता आणि त्याला मर्यादाच नव्हती, म्हणजे हा प्रश्न आठ वर्षं आधीच सुटला होता! इथे तर कॅम्पात (मुक्कामाच्या जागी) बसलेल्या सोबत्याकडची तलवार हवी असली तर आधी एकाला पार्टीतून काढा मग त्याला आत घ्या असा प्रकार होता, तो नोव्हेंबर 2023 च्या पाचव्या पॅचने (अपडेटने) बंद झाला. तुम्ही जुनी आवृत्ती खेळत असाल तर आधी अपडेट करा. स्क्रोल एका पाऊचमध्ये आणि बाटल्या दुसऱ्यात टाकून ठेवल्या तरी निम्मी कटकट जाते.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते संवादाचं. बोलण्यात पटाईत बार्ड (गाणारा-वाजवणारा शाहीर) पार्टीत असतो, पण समोरचा माणूस जो पुढे दिसेल त्यालाच पकडतो, आणि एकदा संवाद सुरू झाला की बोलणारा बदलता येत नाही, मग करिश्मा (समोरच्यावर छाप पाडायची ताकद) कमी असलेला फायटर, म्हणजे लढवय्या, अडखळत बोलतोय आणि बार्ड मागे नुसता उभा. पार्टी म्हणून खेळायचा गेम आहे ना हा, मग पार्टीतल्या दुसऱ्याला बोलू द्यायला काय हरकत होती? तोवर नवीन जागी शिरताना G बटण दाबून ग्रुप सोडवा आणि बार्डला एकट्याला पुढे पाठवा, बाकीचे मागे थांबतात.