बाळाचे वरचे अन्न सेंद्रिय असावे का?

सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचे अन्न सुरू करताना सगळेच सेंद्रिय आणावे का, असे तुम्ही विचारले आहे. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचा अंश सहसा कमी असतो हे खरे, पण त्यामुळे त्यातले लोह किंवा प्रथिने फारशी वाढत नाहीत. हात आखडता असेल, तर केळी-पपईसारख्या साल काढून खायच्या फळांपेक्षा पालकासारख्या पालेभाज्यांवर आधी खर्च करावा, आणि त्याही वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात.

पाकिटावर ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह आहे का ते पाहावे. नुसत्या ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. मुलीच्या वेळी मी महागडे सेंद्रिय नाचणी सत्त्व आणले आणि घरी येऊन मागची बारीक अक्षरे वाचली, तर त्यात चक्क साखर! तेव्हापासून साधीच नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, वाळवून, मंद आचेवर भाजून दळायची आणि मलमलीतून चाळायची, असा माझा क्रम ठरला.

मध मात्र सेंद्रिय असला तरी वर्षाच्या आत चाटवू नये, घरातली वडीलधारी मंडळी कितीही आग्रह करोत.