वाळक्या पानाचे रेखाटन

प्रश्न : पान समोर ठेवून काढले, तरी माझ्या चित्रात ते सपाट का दिसते? — एक वाचक, दादर

उत्तर : बहुधा आपण समोरचे नव्हे, आठवणीतले पान काढत आहात. राणीच्या बागेत किंवा घराजवळ गळून पडलेले देशी बदामाचे लालसर, कडा वळलेले पान घ्या आणि पेन्सिल उचलण्यापूर्वी मधली शीर कुठे वाकते, उपशिरा तिला कोणत्या कोनात मिळतात आणि कड कुठे स्वतःच्याच सावलीत शिरते, हे निरखा. बाह्यरेषा फिकटच ठेवा. शिरांमधला फुगवटा त्याच्या वळणाने जाणाऱ्या आखूड रेषांनी, एचबी या मध्यम पेन्सिलीने विरळ आणि खोलगट भागी ४बी या मऊ, गडद पेन्सिलीने दाट, असा उभा करावा. बोटाने घासलेली छाया (शिकवण्यांत ती फार लाडकी!) पानाचा पोतच पुसून टाकते. उजेड मात्र एकाच खिडकीतून येऊ द्यावा.