‘बाबा येला’

"अडीच वर्षांची होती तेव्हा ‘बाबा आला’, ‘मी केलं’ असं नीट बोलायची हो. आता साडेतीनची झाली, तर ‘बाबा येला’, ‘मी करलं’! सासूबाई म्हणतात, इंग्रजी बालवाडीत घातलं म्हणून मराठी बिघडलं."

ही काळजी घेऊन पुष्कळ पालक माझ्याकडे येतात. या आईचा आवाज मात्र रडवेला झाला होता. घरात रोज तिच्यावरच खापर फुटत होतं.

मी कागदावर एक गोलमटोल प्राणी काढला. लेकीला म्हटलं, "हा टोमा." शेजारी आणखी एक काढला. "आता हे दोन...?"

"टोमे!"

एकाच्या पाठीवर माशी काढली. "माशी कुठे बसली?"

"टोम्यावर."

‘टोमा’ हा शब्द मी तिथल्या तिथे बनवलेला. ‘टोमे’, ‘टोम्यावर’ तिनं कधी ऐकणं शक्यच नव्हतं. घोडे, घोड्यावर, डबे, डब्यात हे ऐकता ऐकता नियम तिचा तिनंच शोधला होता. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को यांनी ‘वग’ नावाचा काल्पनिक प्राणी दाखवून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना असंच विचारलं होतं. मला तर ‘टोम्यावर’चं जास्त अप्रूप वाटतं. मराठी शिकणारे मोठे लोकसुद्धा या सामान्यरूपाशी, म्हणजे प्रत्यय लागताना ‘टोमा’चं ‘टोम्या’ होतं त्याशी, अडखळतात!

‘करलं’ त्याच शोधातून येतं. आधी ‘केलं’, ‘आला’ हे शब्द तिनं जसेच्या तसे उचलले होते. मग बस-बसला, पड-पडला, हस-हसला यांतला ‘ला’ तिला सापडला आणि तिनं तो सगळीकडे लावला. आपली आला, गेला, केलं, दिलं, घेतलं ही रूपं या नियमात बसत नाहीत, त्याला ती काय करणार? ती रोज कानावर पडतात, म्हणून हळूहळू पक्की होतात. शाळेच्या माध्यमाचा यात दोष नाही.

"मग मी चूक सुधारूच नको?"

"‘असं नाही म्हणायचं’ म्हणून थांबवू नका. ती ‘मी चित्र करलं’ म्हणाली, की ‘अगं वा, तू चित्र केलंस? कशाचं केलंस?’ असं विचारा. बरोबर रूप कानावर पडतं, गप्पाही तुटत नाहीत."

दोन वर्षं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलणंच सोडून देत असेल, तर मात्र वाट न पाहता श्रवणतपासणी करून वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावं. या मुलीत तसं काहीच नव्हतं.

टोम्याचा कागद मी आईजवळ दिला, सासूबाईंना दाखवायला.